तीन तासांचे अंतर

दोन शहरांमधील हवाई अंतर मोजतात ते पृथ्वीच्या गोलाईवरून, सर्वांत जवळच्या वाटेने. दर्यावर्दी लोकांचा सागरी मैल वैमानिकांनीही स्वीकारला आहे; तो १.८५२ किलोमीटरचा. त्या मापाने दुबई ते मुंबई अंतर भरते सुमारे १,०४० मैल, म्हणजे १,९३० किलोमीटर. विमान ताशी आठशेहून अधिक किलोमीटर वेगाने जाते. चढण्या-उतरण्याचा अवधी धरला की प्रवास साधारण तीन तासांचा. आखातात नोकरीस असलेल्या मुलांच्या घरी हा आकडा सर्वांना पाठ असतो. ‘तीन तासांवर तर आहे!’ असे म्हणून आईबाप मनाला धीर देतात.

२०२३ च्या उन्हाळ्यात या तीन तासांचा हिशेब करण्याची पाळी आमच्यावर आली. बीड जिल्ह्यातील सिरसाळा हे परळी तालुक्यातील गाव. तेथे आमचे जाणे-येणे असे. परिचयाच्या एका शेतकरी कुटुंबातील वडीलधारे गृहस्थ पहाटे वारले. अग्नी देणारा एकुलता मुलगा दुबईस. थोरले चुलते म्हणत, “दिवस मावळायच्या आत उरकावं. उन्हाळा हाय.” पुतण्याने मोबाईल पुढे केला, “तीन तासांत येतंय की पोरगं!” आम्ही रोमपर्यंत जाऊन आलो होतो, एवढ्या भांडवलावर सगळे आमच्याकडे पाहू लागले. “फादर, तुम्हीच सांगा.”

आम्ही कागद-पेन्सिल मागवली. तिकीट मिळाले होते दुपारी बाराचे. दुबईचे घड्याळ आपल्या दीड तास मागे. म्हणजे तेथील बारा ते आपले दीड. तीन तास उड्डाण, साडेचार. पारपत्राची तपासणी, सामान, विमानतळाबाहेर येईतो सहा. मुंबईहून छत्रपती संभाजीनगरला विमान तासाभरात जाते खरे. पण ते वेळेवर हाती लागले, तरच त्याचा उपयोग, आणि तेथूनही सिरसाळा मोटारीने चार तास. बीडला रेल्वे तेव्हा नव्हती. बीडहून अहिल्यानगरला पहिली गाडी सुटली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, आणि तो मार्ग पुढे परळीपर्यंत जावयाचा आहे. तेव्हा उरला रस्ता: पुणे, अहिल्यानगर, बीड, तेलगाव, सिरसाळा. साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. नऊ तास. पहाटेचे तीन.

समुद्रापलीकडून १,९३० किलोमीटर तीन तासांत, आणि आपल्याच राज्यातील त्याच्या चौथ्या हिश्श्याएवढी वाट नऊ तासांत! कागदावरचा तो आकडा पाहून चुलते बराच वेळ गप्प राहिले. विमानाची वेळ लिहिणारा धावपट्टीपासून धावपट्टीपर्यंतच मोजतो. उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंत मोजावे लागते ते घरच्यांना. अखेर विधवा मावशीच बोलल्या, “थांबायचं. लेकानं तोंड पाहिल्याबिगर न्यायचं न्हाई.”

परळीहून बर्फाच्या लाद्या आणल्या. भुसा घालून त्या टिकवल्या, पोत्यांनी झाकल्या. आयाबाया रात्रभर बसून राहिल्या. मध्यरात्री मुलाचा फोन आला, “अहिल्यानगर सोडलं.” तेथपासून पुढचे अंतर गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होते, आमच्या कागदाची आता कोणालाच गरज नव्हती. कोणी म्हणे आष्टी आली असेल, कोणी म्हणे बीड. साडेतीनला गाडीचे दिवे दिसले. तो उतरला तेव्हा पायांत दुबईतले कामावरचेच बूट होते.

सात वाजता तिरडी उचलली.