सांधा

वरातीत नाचायची कॅसेट विकत घेण्यापेक्षा भरून घेण्याकडेच तेव्हा पोरांचा ओढा होता. विकतच्या कॅसेटमध्ये एक गाणं जोरदार लागायचं, पाठोपाठ दोन रडकी, आणि तेवढ्यात नवरदेवाच्या मित्रांचा जोर ओसरायचा. म्हणून शिरूर, न्हावरा, केडगावकडची पोरं नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट घेऊन दौंडला माझ्या मामाकडे यायची. मामा रेल्वेत सांधेवाला. ड्यूटी सुटली की आंघोळ, चहा, आणि मग दोन टेप शेजारी मांडून रात्री उशिरापर्यंत कॅसेटी भरणं. कायद्यात ते बसत नव्हतं, हे खरंच. पण आमच्या भागात गाणं पोचलं ते याच वाटेने.

शिरूरला रेल्वे नाही. दौंड मात्र जंक्शन. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांचं इंजिन तिथे काढून दुसऱ्या टोकाला लावायचे. रेल्वे कॉलनीत अँग्लो-इंडियन कुटुंबं होती. नाताळात त्यांच्याकडे जोड्याजोड्यांनी नाच चालायचा, आणि परदेशी गेलेल्या नातलगांनी पाठवलेल्या कॅसेटी तिथूनच मामाच्या हाती लागायच्या. सिंथेसायझरचे नवे आवाज त्याने पहिल्यांदा ऐकले ते या घरांत.

1982च्या डिसेंबरात 'डिस्को डान्सर' आला. त्यातलं 'कोई यहाँ नाचे नाचे' उषा उथुप आणि बप्पी लाहिरींनी गायलं. त्याची चाल लंडनच्या बगल्सच्या 1979च्या 'व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार'वरून घेतलेली. मामाकडे दोन्ही होती. त्याने ती एकामागोमाग भरली, आधी इंग्रजी, मग हिंदी. न्हावऱ्याच्या एका वरातीत मी हे पाहिलं आहे: इंग्रजी गाणं लागल्यावर पोरं जरा बावचळली, पाय तेवढे हलवत राहिली, आणि उषाबाईंचा आवाज आला तशी सगळी वरात उसळली. दोन गाण्यांच्या मध्ये श्वास घ्यायलाही जागा नव्हती.

ही जागा न ठेवणं हेच त्याचं कसब. रेकॉर्डचं बटण दाबून, पॉज धरून तो पहिल्या गाण्याचे ठोके बोटांनी टेबलावर मोजायचा आणि समेवर पॉज सोडायचा. चुकलं की रीळ मागे, पुन्हा पहिल्यापासून. 'कुर्बानी'तलं 'आप जैसा कोई' त्याच्या प्रत्येक कॅसेटमध्ये असायचं. बंगळुरूहून लंडनला गेलेल्या बिद्दूचं संगीत, आणि नाझिया हसन तेव्हा अवघ्या पंधरा वर्षांची. त्यापुढे बाबलाचा डिस्को दांडिया. मग पुन्हा काहीतरी इंग्रजी, कारण "थोडं अनोळखी पाहिजे, नाहीतर पोरं लवकर दमतात," असं मामा म्हणायचा.

चौफुल्याच्या कलाकेंद्रांत बैठकीचं गाणं फर्माइशीवर चालतं. पुढची लावणी कुठली ते समोरचा रसिक सांगतो. मामा फर्माइश ऐकून घ्यायचा, कागदावर लिहूनही घ्यायचा, पण क्रम स्वतःचाच लावायचा. याबद्दल त्याच्याशी कुणी भांडल्याचं मला आठवत नाही. मला वाटतं, त्या जुन्या कॅसेटींची ओढ अजून सुटत नाही ती या क्रमामुळे. गाणी तर सगळीच फोनवर आहेत. पण बगल्सचं गाणं संपत आलं की माझा कान उषाबाईंची वाट पाहू लागतो, आणि फोन भलतंच काहीतरी लावतो. अशा वेळी मामा नाही हे मला जितकं टोचतं तितकं त्याच्या फोटोला हार घालतानाही टोचत नाही.

2021च्या एप्रिलमध्ये तो गेला. दोन तालुक्यांतल्या वराती ज्याने नाचवल्या, त्याला पोचवायला आम्ही मोजकी माणसं होतो, तीही लांब लांब उभी. पुढच्या फेब्रुवारीत बप्पीदा गेले. टीव्हीवर दिवसभर त्यांची गाणी लागली होती आणि मामी समोरून उठली नाही.

त्याने स्वतःसाठी म्हणून एकही कॅसेट ठेवली नव्हती. लोकांकडच्या बुरशीने गेल्या, कुणाच्या टेपने खाल्ल्या. आता मी आठवून आठवून त्याचा क्रम लिहून काढतो आहे. ए साइड पूर्ण झाली. बी साइडला चौथ्या गाण्यावर अडलो. केडगावचा एक जण, ज्याच्या लग्नात ती वाजली होती, तो म्हणतो बोनी एम. त्याची बायको ठामपणे म्हणते नाझिया, 'डिस्को दीवाने'. येत्या रविवारी न्हावऱ्यात आणखी दोघांना विचारणार आहे.