चिरा, अंडं आणि कुडव

आमच्या पिढीतल्या बऱ्याच गोंयकारांचं प्राथमिक शिक्षण मराठीतून झालं आणि पाचवीपासून एकदम इंग्रजी आलं. त्यामुळे 'घनता' आम्हाला कधी भेटलीच नाही, भेटली ती 'डेन्सिटी'. वस्तुमान भागिले आकारमान, हे सूत्र फळ्यावरून वहीत आणि वहीतून परीक्षेत गेलं. मोजपात्र कपाटाच्या काचेतूनच पाहिलं. पुढे मी मराठी घेऊन बी.ए. झालो, सरकारी कारकून झालो आणि तो विषय संपला.

यंदा मुलीला शाळेतून काम मिळालं, घरातल्या वस्तूंची घनता काढून आणायची. स्वयंपाकघरातला वजनकाटा, खुणा असलेलं प्लास्टिकचं भांडं, बस्स. अंडं भरलं 54 ग्रॅम. पाण्यात सोडल्यावर पाणी 50 मिलिलिटर वर चढलं. भागाकार 1.08. पाण्याची घनता 1, म्हणून अंडं बुडालं. मग पाण्यात मीठ विरघळवत गेलो तर तेच अंडं अलगद वर आलं. अंडं बदललं नव्हतं, पाणी जड झालं होतं. बायको म्हणाली, "म्हणून तर चेपणीच्या तोरांवर दगड ठेवायचा, नाहीतर ती खारावर तरंगतात." हे आपल्या बायकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

चिऱ्याच्या तुकड्याने मात्र पेच टाकला. पाण्यात घातला तर बुडबुडे यायला लागले आणि वर चढलेली पातळी हळूहळू उतरू लागली. "बाबा, हा पाणी पितोय!" मुलगी ओरडली. मग आकारमान कुठलं धरायचं, आधीचं की नंतरचं? विचार केला तेव्हा उमगलं, चिऱ्याला दोन आकारमानं आहेत, भोकांसकट एक आणि भोकं वगळून दुसरं. भोकांसकट हवं असेल तर चिरा आधी सुका असताना तोलायचा, रात्रभर भिजत ठेवायचा, वरून पुसायचा आणि मग पाण्यात सोडायचा. पोट भरलेला असल्यामुळे तो आणखी पाणी पीत नाही. पावसाळ्यात चिऱ्याची भिंत ओल का धरते, तेही कळलं.

शेवटची वस्तू होती गावाहून आणलेलं भात. लिटरचं माप अलगद भरून सपाट केलं, 540 ग्रॅम. मग माप दहादा ठोकलं. भात खाली बसलं, वर जागा झाली, ती भरली आणि पुन्हा तोललं, 590 ग्रॅम. माप तेच, भात तेच, दाण्यांमधली हवा तेवढी कमी झाली. मुलीने आकडे लिहून घेतले आणि ती उठली. मी मात्र बसून राहिलो.

आमचे आजोबा कूळ होते. खंड भरायचा तो भाताच्या रूपात, आणि मोजायचा तो कुडवाने. वीस कुडवांची खंडी. आजोबा सांगत, खंड घेताना कुडव हलवून, ठोकून भरत आणि वर शीग ठेवत. पावसाळ्यात तेच भात उसनं घेतलं की माप अलगद भरून वर काठी फिरवत. मला ती म्हाताऱ्या माणसाची कुरकुर वाटे. आता 50 ग्रॅमचा फरक समोर होता. शंभराला नऊ, आणि शीग तर मी धरलीच नव्हती.

वजनाने मोजलं असतं तर ठोकाठोकीने काही झालं नसतं. अर्थात वजनालाही पळवाट आहेच, ओलं भात जास्त भरतं. म्हणून भात विकत घेताना आज ओलावा पाहतात. प्रत्येक मापाच्या मागे कुणाचा तरी हात असतो, तो पाहायला शिकणं म्हणजे विज्ञान, असं मला वाटतं.

1976 साली कूळ कायद्याला पाचवी दुरुस्ती झाली आणि कसणाऱ्याला मालक मानलं गेलं. खंड गेला, कुडव माळ्यावर गेला. पण ज्या मुलांच्या घरी तो रोज हाताळला जाई, त्यांना डेन्सिटी शिकवताना कुणी त्याचं नावही काढलं नाही, याची मला आज हळहळ वाटते. आमच्यापैकी निम्म्यांना तरी ते सूत्र पाठ करावं लागलं नसतं.