टायग्याचा पाय

भाद्रपद संपत आला होता. वरच्या तुकड्यातल्या भुईमुगाच्या शेंगा भरत आल्या होत्या आणि रोज रात्री रानडुकरं त्यात शिरत होती. सकाळी जाऊन बघावं तर नांगर फिरवल्यासारखी जमीन उकरलेली. आण्णा बांधावर उभे राहून नुसते बघत राहायचे. एक दिवस मला म्हणाले, "वाईला जातूयस तर गॅरेजातनं चार जुन्या क्लचवायरी घिऊन यी."

मी कशाला म्हणून विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. गाडीच्या क्लचची तार घासून मऊ झालेली असते, तिचा फास सरकतो आणि आवळला की सुटत नाही, हे आमच्याकडं शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. फास लावून रानडुक्कर धरायला १९७२ च्या कायद्यानं बंदी आहे, हेही माहीत असतं. मी तारा आणल्या आणि गोठ्यातल्या खुंटीला अडकवल्या. दुसऱ्या दिवशी त्या खुंटीला नव्हत्या.

त्यानंतर पाऊस लागला. आण्णांना थंडीताप भरला, दोन दिवस ते घोंगडं पांघरून पडून होते. त्याच दोन दिवसांत टायग्या घरी आला नाही.

टायग्या म्हणजे गावठी कुत्रं. तांबूस रंग, छातीवर पांढरा पट्टा, एक कान मोडलेला. धाकट्या बहिणीनं शाळेतून येताना दप्तरात घालून आणलेलं पिल्लू. तिनं नाव टायगर ठेवलं, आजीच्या तोंडात त्याचं टायग्या झालं. तो कुणाच्या मालकीचा असेल तर आण्णांच्या. पण आण्णांनी त्याला कधी गोंजारल्याचं मी पाहिलं नव्हतं. भाकरीचा तुकडा टाकायचा आणि रानात निघताना "चल रं" म्हणायचं, एवढाच त्यांचा संबंध.

तिसऱ्या दिवशी ताप उतरायच्या आधीच आण्णा उठून रानात गेले आणि तासाभरानं टायग्याला खांद्यावर टाकून भिजत आले. मागचा उजवा पाय ढोपराच्या वर तारेत आवळलेला. तारेखालचा भाग सुजून काळा पडलेला. ओढ्याकाठच्या घाणेरीत सापडला म्हणाले.

वेदनेत असलेलं घरचं कुत्रंही चावतं. म्हणून आईनं जुनेऱ्याची चिंधी त्याच्या तोंडाला बांधली. मी पक्कड घेऊन तार तोडायला बसलो. तार मांसात रुतली होती. दुसरं टोक खुंटीला बांधलेलं, ते खुंटीसकट उपसून आलं होतं. त्या खुंटीवरची गाठ मी बघितली. दोन वेढे आणि वरून उलटा फेर. आमच्या गोठ्यातलं प्रत्येक वासरू त्याच गाठीनं बांधलेलं असतं. मी मान वर केली नाही. तार तोडली आणि कचऱ्यात टाकली.

"कुना भाड्यानं लावला आसंल फास," आजी म्हणाली.

"आसंल कुनीतरी," आण्णा म्हणाले.

तालुक्याच्या डॉक्टरांनी पायाला हात लावला, बोटाला सुई टोचून बघितली. टायग्यानं पाय हलवला नाही. "पाय मेलाय. ठेवला तर विष अंगात भिनेल आणि कुत्रं जाईल. शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात घेऊन जा, तिथं ऑपरेशन होईल." बाहेर आल्यावर बरोबर आलेला चुलता म्हणाला, "दादा, कुत्र्यापायी कुटं हिंडतूस? एक सुई घालाय सांग, सुटंल बिचारं." तो काही वाईट माणूस नव्हे. गावात दुसऱ्या कुणीही हेच सांगितलं असतं. आण्णांनी उत्तर दिलं नाही. छोटा हत्तीवाल्याला फोन लावायला सांगितला.

जाताना खंबाटकीच्या बोगद्यातून, येताना घाटातून. त्या दोन फेऱ्यांच्या मधे टायग्याचा पाय गेला. पाय मांडीतून, बराच वरून काढला. मी डॉक्टरांना विचारलं, तार ढोपराशी होती, मग एवढा वर का? ते म्हणाले, "खाली ठुणका ठेवला तर कुत्रं तो टेकायला बघतं. ठुणका जमिनीला घासतो आणि जखम भरत नाही." मग आण्णांकडं बघून म्हणाले, "काळजी करू नका. कुत्र्याच्या वजनातलं साठ टक्के पुढच्या पायांवर असतं. मागचा पाय गेलेलं कुत्रं लवकर सावरतं. पण पहिले पंधरा दिवस तुमच्या हातात आहेत."

त्या पंधरा दिवसांसाठी त्यांनी कागदावर लिहून दिलं होतं. आण्णांना वाचायला चष्मा लागायचा, तरी तो कागद त्यांनी स्वतःच्या खिशात ठेवला.

पहिली रात्र सगळ्यात वाईट गेली. भुलीचा अंमल उतरताना कुत्रं वेगळंच विव्हळतं. ते दुखण्याचं नुसतं रडणं नसतं, त्याला आपण कुठं आहोत हेच कळत नसतं. सोप्यात शहाबादी फरशी. टायग्यानं उठायचा प्रयत्न केला, उरलेला मागचा पाय फरशीवरून सरकला आणि तो टाक्यांच्या बाजूवर आपटला. त्यानं जी किंकाळी फोडली, ती ऐकून शेजारची माणसं कंदील-बॅटऱ्या घेऊन आली. रात्रीच आईनं पडवीत खताची रिकामी पोती धुवून वाळवलेली होती ती काढली, खाली गोणपाट घातलं, कडेनं विटा ठेवल्या म्हणजे पोती सरकायची नाहीत. त्यावर जुनं लुगडं. आण्णा तिथंच भिंतीला टेकून बसले. पहाटे मी उठलो तेव्हा टायग्याचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं आणि आण्णा जागे होते.

दुसऱ्या दिवशी त्याला लघवीला न्यायचं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पोटाखालून रुंद फडकं घालून मागचा भाग उचलून धरा, पण ओढू नका, चालू दे त्यालाच. घरात रुंद आणि मऊ असा एकच कपडा होता, आण्णांच्या खांद्यावरचा पंचा. त्यांनी तो काढला, टायग्याच्या पोटाखालून घातला, दोन्ही टोकं वर धरली आणि माझ्या आठवणीत पहिल्यांदाच बिनपंच्याचे अंगणात चालले. तीन पावलं पुढं, मग थांबायचं. परत तीन पावलं. समोरच्या पारावरची मंडळी बघत होती. एकजण म्हणाला, "आण्णा, वरात कुटं चालली?" आण्णा म्हणाले, "मुतायला." पारावर हसू फुटलं, पण त्यानंतर कुणी चेष्टा केली नाही.

टायग्या नर. आयुष्यभर एक पाय वर करायची सवय. त्यानं उजवी बाजू उचलायला बघितली, तिकडं पायच नव्हता. गोंधळून आमच्याकडं बघितलं. मग नुसता उभा राहिला आणि उभ्या उभ्याच मोकळा झाला. आई पदर तोंडाला लावून आत गेली.

जखम चाटू नये म्हणून गळ्यात प्लॅस्टिकचा घोळ बांधायचा असतो. तो शिरवळला मिळाला नाही, आणि वाईपर्यंत जायला वेळ नव्हता. मी डिस्टेंपरची रिकामी बादली घेतली, बूड कापलं, कडेला जुन्या सायकलट्यूबची पट्टी शिवली म्हणजे मानेला रुतू नये, आणि नाड्यानं गळपट्ट्याला बांधली. दोन दिवस तो दाराच्या चौकटीला धडकत राहिला. जेवताना मात्र बादली काढून आई शेजारी बसायची आणि जेवण झालं की परत घालायची.

दरम्यान उपाय सांगणारे येऊन जात होते. आजीला टाक्यांवर हळद आणि गोडेतेल लावायचं होतं. एकानं अंगदुखीची गोळी आणून दिली, "माज्या गुडघ्याला लागू पडली, ह्याला अर्धी द्या." आण्णांनी खिशातला कागद काढून मला वाचायला लावला. त्यात डॉक्टरांनी दोनदा रेघ ओढून लिहिलं होतं, माणसाची तापाची, अंगदुखीची कोणतीही गोळी देऊ नये. ती कुत्र्याला बाधते, जीवही जातो. त्यांनी दिलेलीच गोळी, तीही जेवणानंतर. आजी रुसली. मग आण्णांनी तिला माश्या वारायचं काम दिलं. पावसाळ्यात उघड्या जखमेवर माशी बसली की दोन दिवसांत अळ्या पडतात, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिनं बहिणीच्या पाळण्यावरची जुनी मच्छरदाणी शोधून काढली आणि दिवसभर कडुलिंबाचा डहाळा घेऊन पडवीत बसून राहिली.

तीन दिवस त्याला शी झाली नाही. आई घाबरली. फोन केला तर डॉक्टर म्हणाले, भुलीनं आणि दुखण्याच्या औषधानं आतडं मंदावतं, पातळ डाळीत भाकरी कुस्करून द्या, पाणी भरपूर पाजा. चौथ्या दिवशी झाली. त्या दिवशी घरात जो आनंद झाला तो सांगायला लाज वाटते.

पाचव्या दिवशी टाक्यांच्या खालच्या बाजूला लिंबाएवढी मऊ फुगी आली. मला वाटलं, संपलं. परत फोन. डॉक्टरांनी विचारलं, हाताला गरम लागते का? वास येतो का? पू आहे का? जेवतो का? मी आण्णांना विचारत गेलो. त्यांनी नाक अगदी जखमेजवळ नेऊन हुंगलं आणि मान हलवली. "मग ते नुसतं पाणी आहे," डॉक्टर म्हणाले, "जिरेल. त्याला उड्या मारू देऊ नका. गरम झालं किंवा वास आला तर मात्र लगेच या." आठवड्यात जिरलं.

औषधं, गाडीभाडं, सगळं धरून साडेपाच हजार गेले. त्या साली आमच्याकडं साडेपाच हजार म्हणजे दोन पोती शेंगांच्या वर. मी डीएड होऊन घरात बसलेला. बहिणीची फी थकलेली. आईनं एकदाच विचारलं, "आवो, एवढं कुटनं आनलं?" आण्णा म्हणाले, "आनलं." नंतर कळलं, सोसायटीकडून नव्हे, त्या चुलत्याकडूनच आणले होते. जो सुई घालायला सांगत होता त्यानंच दिले होते.

बाराव्या दिवशी गावच्या जनावरांच्या दवाखान्यात टाके काढले. आम्ही चालत परत येत होतो. टायग्या पुढं, तीन पायांवर उड्या घेत. आता पंचा लागत नव्हता, तरी आण्णांनी तो हातात धरलेला होता. मारुतीच्या देवळाजवळ ते थांबले.

"तू बगितलीस न्हवं गाठ?"

मी हो म्हणालो.

"बोल्ला का न्हाईस?"

"तारा मीच आणल्या होत्या, आण्णा."

ते बराच वेळ पायातल्या वहाणेकडं बघत राहिले. मग म्हणाले, "तापात पडलो नसतो तर सकाळी बगून आलो आसतो. आसं मी सोताला रोज सांगतुय. पर ते खोटं हाय. त्यो दोन दिस आला न्हाई तवाच मला कळलं हुतं. पडल्या पडल्या कळलं हुतं. तुला सांगायची लाज वाटली. म्हनलं, यील सुटून." एवढं बोलून ते चालायला लागले. मी मागं राहिलो. दोन दिवस. त्या दोन दिवसांत तार सोडवली असती तर कदाचित पाय वाचला असता. हे त्यांनाही माहीत होतं, म्हणून मी बोललो नाही.

त्याच संध्याकाळी त्यांनी उरलेले तीन फास काढून आणले. तारांचे पक्कडीनं वीतवीत तुकडे केले आणि भंगारवाल्याच्या पोत्यात टाकले. घटस्थापनेपासून भुईमूग निघेपर्यंत ते रोज रात्री रानातल्या माळ्यावर बसले, तेलाचा रिकामा डबा आणि बॅटरी घेऊन. पहिल्या चार-पाच रात्री मी गेलो बरोबर. डुकरं आलीच. डबा वाजवला की पळायची आणि दुसऱ्या बाजूनं शिरायची. शेंगांचा चौथा हिस्सा तरी गेला. आण्णांनी तक्रार केली नाही.

दसऱ्यानंतर टायग्या स्वतःच रानात यायला लागला. डॉक्टरांनी महिनाभर जपायला सांगितलं होतं, त्यानं तीन आठवड्यांतच दोरी चावून तोडली. तीन पायांचं कुत्रं चालताना लंगडतं, पण पळताना ओळखूसुद्धा येत नाही. फक्त थांबलं की लगेच बसतं. त्याला जाड होऊ द्यायचं नाही हेही कागदावर होतं, सगळा भार एकाच मागच्या पायावर म्हणून. त्यामुळं सणावारी पुरणपोळीचा तुकडा मिळाला तर अर्धाच. आजी चोरून दुसरा अर्धा द्यायची.

तो पुढं सात वर्षं जगला. म्हातारपणी तो उरलेला पाय पावसाळ्यात धरायचा. मग पडवीत पुन्हा पोती पसरली जायची आणि आण्णांच्या खांद्यावरचा पंचा त्याच्या पोटाखाली जायचा.

वरच्या तुकड्याकडं जाताना ओढ्याच्या अलीकडं पाऊलवाट घाणेरीतून जाते. फास तिथंच होता. टायग्या शेवटपर्यंत त्या वाटेनं गेला नाही. तो बांध चढून लांबून यायचा. आण्णाही त्याच्या मागून बांधानंच जायचे. आता टायग्या नाही, आण्णांचे गुडघे दुखतात आणि बांध चढवत नाही, तरी ते अजून वरूनच जातात.