हिंजवडी पाहून आलो

गाव सोडणे ही गोष्ट आपल्या समाजाला नवी नाही. आपल्या आजोबा-पणजोबांनी येसकराची काठी टाकली, महारकीची कामे नाकारली आणि पोटासाठी व मानासाठी शहराची वाट धरली. कोणी नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये लागला, कोणी मुंबईच्या गिरणीत, कोणी रेल्वेत, तर कोणी लष्करी डेपोत. शहरातही सारे गोड नव्हते. गिरणीच्या विणकाम खात्यात, तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो म्हणून, आपल्या माणसाला घेत नसत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हा प्रश्न १९२८ च्या संपाच्या वेळी मांडावा लागला. तरीही शहर हे सुटकेचे ठिकाण होते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेब खेड्याविषयी जे कठोर बोलले, त्यामागे हा सारा अनुभव होता.

त्या पिढीचा हिशोब सरळ होता. काम जिथे, माणूस तिथे. आमच्या भाचीपुढे मात्र जो प्रश्न आला तो त्या पिढीला पडला नव्हता. नोकरी पुण्याची आणि खुर्ची नागपुरातल्या इंदोऱ्यात!

मार्च २०२० च्या टाळेबंदीनंतर संगणकाची कामे घरून होऊ लागली. साथ ओसरली, तशा कंपन्या माणसांना परत बोलावू लागल्या. कोणी आठवड्यातून पाच दिवस बोलावते, कोणी तीन, तर कोणी नुसतेच “पुढे कळवू” म्हणते. भाचीची कंपनी या तिसऱ्या प्रकारातली. संगणक प्रणालीतील दोष शोधण्याचे तिचे काम आहे आणि हाती बत्तीस हजार रुपये पडतात. वडील हयात नाहीत. आई म्हणजे आमची बहीण, आणि धाकटा भाऊ बारावीला. घर स्वतःचे, दोन खोल्यांचे. एका खोलीच्या कोपऱ्यात टेबल मांडून, कानाला यंत्र लावून पोरगी काम करते.

आम्ही कारकुनीत हयात घालवलेली माणसे. कोणतीही गोष्ट आली की आधी कागद वाचतो. नेमणूकपत्रात लिहिले होते : कामाचे ठिकाण पुणे, तूर्त घरून काम, व्यवस्थापन कळवील तेव्हा कार्यालयात हजर राहणे बंधनकारक. किती दिवस आधी कळवणार, आठवड्यातून किती दिवस यावे लागणार, जाण्याचा खर्च कोण देणार, याबद्दल एक अक्षर नाही. सरकारी बदलीच्या हुकमात निदान रुजू होण्याची मुदत तरी असते!

भाचीच्या काकांचे मत पडले की घर विकावे आणि सर्वांनी पुण्याला जावे. नोकरी टिकवायची तर डोळ्यासमोर राहिले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. ते चूक म्हणता येत नव्हते. बहीण गप्प होती. शेवटी ठरले, न पाहता भांडण्यापेक्षा जाऊन पाहावे. काका, भाची आणि आम्ही असे निघालो.

नागपूर ते पुणे

अजनीहून पुण्याला १० ऑगस्ट २०२५ पासून वंदे भारत गाडी सुरू झाली आहे. ८८१ किलोमीटरचे अंतर ती सुमारे बारा तासांत कापते. आम्ही मात्र साध्या शयनयान डब्याने गेलो. वर्धा, बडनेरा, अकोला, भुसावळ अशी रात्र सरली आणि मनमाडला उजाडले. तिथून गाडी दौंडच्या मार्गाला लागली, आणि थोड्याच वेळात खिडकीतून पाटी दिसली : येवला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा बाबासाहेबांनी केली ते हे येवला. आम्ही उभे राहून हात जोडले. त्या घोषणेपासून नागपूरच्या १४ ऑक्टोबर १९५६ च्या दीक्षेपर्यंत एकवीस वर्षे गेली. एवढा मोठा निर्णय घोषित केल्यावरही बाबासाहेबांनी घाई केली नाही, सर्व धर्म तपासले, मग पाऊल उचलले. काका म्हणाले, “आपल्याजवळ एकवीस वर्षे नाहीत.” भाची हसली, “एकवीस दिवस तरी द्या, काकाजी.”

काचेच्या इमारती

हिंजवडी हे मुळशी तालुक्यातले गाव. औद्योगिक विकास महामंडळाने तिथे राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभारला. त्याचे तीन टप्पे आहेत आणि शेवटचा टप्पा माण गावाच्या बाजूला पसरला आहे. वाकडच्या पुलाखालून शिरलो तो गाड्यांची रांग. शिवाजी चौकात बस इतका वेळ उभी राहिली की लोक उतरून चालू लागले. डोक्यावर मेट्रोचे खांब आणि खाली दुचाक्यांचा धूर. माणपासून शिवाजीनगरपर्यंतचा हा मेट्रोमार्ग सुमारे तेवीस किलोमीटरचा आहे.

इमारती मात्र पाहत राहाव्यात अशा. उंचच उंच काचा, समोर कापलेली हिरवळ, फाटकावर पहारा. फाटकाबाहेर चहाची टपरी, पोह्यांची गाडी, डबे पोचवणारे. आतले जग इंग्रजी बोलते, पण त्याला चहा पाजणारे, त्याची फरशी पुसणारे आणि त्याचे दार उघडणारे जग आपल्या मराठवाड्याचे आणि विदर्भाचे आहे.

एका फाटकावरच्या पहारेकऱ्याच्या खिशाला बाबासाहेबांचा छोटा बिल्ला होता. जयभीम घातला तसा तो खुलला. लातूरकडचा माणूस. आम्ही विचारले, हापिसात माणसे येतात की नाही? तो म्हणाला, “मंगळवार ते गुरुवार गाडी लावायला जागा नसते, साहेब. शुक्रवारी मजलेच्या मजले रिकामे. आमची बारा तासांची ड्यूटी मात्र घरून होत नाही बघा.”

त्याच्या बोलण्यातून पत्रात नसलेली एक गोष्ट कळली. निदान त्या इमारतीतल्या कंपन्या माणसांना पूर्ण परत बोलावत नव्हत्या आणि पूर्ण सोडतही नव्हत्या. दोन-तीन दिवसांची हजेरी हाच तिथला रिवाज दिसत होता.

आडनावाची चौकशी

दुपारी वाकडला घरे पाहिली. एक खोली, हॉल आणि स्वयंपाकघर अशा घराचे भाडे एकोणीस हजार सांगितले. वर अनामत, आणि दलालाला एका महिन्याचे भाडे. एक घर पसंत पडले. मालकाने कंपनीचे पत्र पाहिले, पगाराची पावती पाहिली, मान डोलावली. मग आडनाव विचारले. मग गाव विचारले. मग म्हणाला, घरच्यांना विचारून संध्याकाळी सांगतो, आम्ही शाकाहारी कुटुंबालाच देतो. संध्याकाळी दलालाने फोन करून सांगितले की घर दुसऱ्याला गेले.

भाची म्हणाली, “मामाजी, पगाराची पावती त्यांनी आधी पाहिली, आडनाव मागून. पण मागून पाहिलेलंच जड झालं.”

आम्हाला बडोदा आठवले. १९१७ साली परदेशातून शिकून आलेले बाबासाहेब बडोदे संस्थानच्या नोकरीवर गेले आणि त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत आसरा घेतला, तिथूनही काठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. नोकरी हाती होती, छप्पर नव्हते. शंभरावर वर्षे झाली. आता काठी नाही, फोन आहे. सर्वच घरमालक असे नसतात हेही खरे. पण आपल्या मुलीने परगावी जाताना भाड्याच्या हिशोबात ही बाब धरलीच पाहिजे, कारण नकार पचवायला वेळ लागतो आणि तेवढे दिवस लॉजचे भाडे भरावे लागते.

देहूरोडची संध्याकाळ

मुक्काम देहूरोडला एका नातलगाकडे होता. ही लष्करी छावणीची वस्ती. दारूगोळ्याचा कारखाना, डेपो, आणि त्यांच्या भोवती आपल्या माणसांची घरे. येथील विहारात २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वतःच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना केली. त्याच महिन्यात ते रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. मूर्ती ब्रह्मदेशातून आणलेली. नागपूरची दीक्षा अजून पावणेदोन वर्षे दूर होती, आणि इथे बुद्ध आले होते.

विहारात वंदनेला बसलो. बाजूला बसलेल्या एका वयस्क उपासिकेने भाचीला विचारले, “एकटी येणार का गं? मग वाकडला कशाला जातेस? इथे राहा. इथे कोणी आडनाव विचारणार नाही, फक्त जेवलीस का ते विचारतील.” त्यांच्या ओळखीने एक खोली पाहिली. भाडे साडेसहा हजार, पाणी दोन वेळा, खाली मालकीणबाई राहतात. इथून किवळे, ताथवडे, वाकड असे महामार्गाने हिंजवडीला जाता येते. अंतर फार नाही, पण सकाळ-संध्याकाळच्या कोंडीत तासावर जातो. रोज जायचे तर त्रासाचे. आठवड्यातून तीन दिवस निभते.

परतीच्या दिवशी गंज पेठेत महात्मा फुले यांचा वाडा पाहिला. शाळेचे काम सोडा नाही तर घर सोडा असे वडिलांनी १८४९ साली सांगितले, तेव्हा जोतिराव-सावित्रीबाईंनी घर सोडले. भाची बराच वेळ त्या अंगणात उभी होती. बाहेर आल्यावर म्हणाली, “त्यांना आपलं काम कोणतं ते पक्कं ठाऊक होतं, मामाजी. मला हापिस कोणत्या वारी उघडतं तेही ठाऊक नाही.”

हिशोब

गाडीतच कागद काढून हिशोब मांडला. सर्वांनी वाकडला राहायचे तर भाडे एकोणीस हजार, घरखर्च नऊ हजार, जाणे-येणे अडीच हजार. एकूण साडेतीस हजार. उरतात दीड हजार, आणि त्यात भावाचे शिक्षण व आईचे औषध. भाचीने एकटीने देहूरोडला राहायचे तर खोली, डबा आणि प्रवास मिळून साडेबारा हजार. घरी बारा हजार पाठवूनही साडेसात हजार हाती राहतात. आणि बोलावणे महिन्यातून एकदाच असेल, तर नागपुरातच राहून गाडीने जाऊन येणे सर्वांत स्वस्त. म्हणजे सारे अडले होते ते एका आकड्यावर : हजेरी किती दिवस?

घरी आल्यावर काकांनी पुन्हा विक्रीची गोष्ट काढली, तेव्हा बहीण प्रथमच बोलली. “घर राहू दे गा भाऊ. पोरगी आज पुण्याले, उद्या कंपनीनं बंगलोरले धाडली तं मी कुठी जाऊ? माया नवऱ्यानं रात्रपाळ्या करून बांधलं हे घर. पोरीनं खुशाल जावं. मी अडवत नाही. पण तिले परत यायला दार तं पाहिजे!” यावर काकाही काही बोलले नाहीत.

ठरले ते असे. भाचीने कंपनीला लेखी विचारले की हजेरी किती दिवस आणि सूचना किती दिवस आधी. उत्तर गुळमुळीत आले : सहा महिने तरी सध्याचीच व्यवस्था, पुढचे तेव्हा पाहू. म्हणून ती सहा महिने इंदोऱ्यातच राहील. दर महिन्याला पाच हजार वेगळे टाकील, म्हणजे बोलावणे येईल तेव्हा तीस हजार हाताशी असतील. बोलावणे आले की आधी एकटी देहूरोडला जाईल. भावाची बारावी झाल्यावर आणि वर्षभर हजेरीचा रिवाज पाहिल्यावरच आईचा विचार. दरम्यान नागपुरात मिहानमध्ये मोठ्या कंपन्यांची कार्यालये आहेत, तिथेही अर्ज टाकत राहायचे.

आज अनेक घरांत मुले-मुली अशा नोकऱ्यांत शिरत आहेत. त्यांच्या आईबापांसाठी चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

१) नेमणूकपत्रात कामाचे ठिकाण कोणते लिहिले आहे ते पाहा. “तूर्त घरून” या शब्दांतला ‘तूर्त’ विसरू नका. तोंडी आश्वासन लेखी करून घ्या.

२) अनिश्चित बोलावण्यासाठी निश्चित घर विकू नका.

३) भाड्याचा करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो. त्याची नोंदणी कायद्याने आवश्यक आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. मध्येच सोडल्यास किती भाडे बुडेल हे कलम सही करण्यापूर्वी वाचा.

४) परगावी खोली शोधण्यापूर्वी तिथला विहार शोधा. तिथे जी माहिती मिळते ती दलाल देत नाही.

आणि ज्या वस्त्यांतून ही मुले जाणार, तेथील कार्यकर्त्यांनीही एक करावे. आपल्या विहाराच्या वरच्या खोलीत दोन टेबले, वीज गेल्यावर चालणारी बॅटरी आणि चांगले इंटरनेट एवढी सोय केली, तर दोन खोल्यांच्या घरात, कुकरच्या शिट्ट्यांत बसून काम करणाऱ्या मुलींना आधार होईल. इंदोऱ्यातल्या आमच्या मंडळाने त्यासाठी वर्गणी सुरू केली आहे. पहिले टेबल आले आहे, बॅटरीचे पैसे जमताहेत.