काचेवरील करडी रेघ

गेल्या नाताळानंतरच्या आठवड्यात आमच्या हातून एक अन्याय घडला. जगाच्या मापाने तो लहान. परंतु जिच्यावर घडला तिला तो लहान वाटला नसेल. म्हणून ती हकीकत, आणि तिच्यापासून आम्ही जे शिकलो ते, वाचकांपुढे ठेवीत आहोत. ज्यांच्या घरी काचेचे मेज, काचेचे कपाट अथवा तसबीर आहे, त्यांना तिचा व्यवहारातही उपयोग व्हावा.

आमचे गाव आदिलाबाद जिल्ह्यात, पैनगंगेच्या अलीकडे. तेलुगू, गोंडी आणि मराठी या तिन्ही भाषा येथे एकाच बाजारात कानी पडतात. धर्मगुरुनिवासातील जेवणाच्या मेजावर एक मोठी काच आहे. तिच्याखाली गावातील मुलांची प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या दिवशीची छायाचित्रे मांडलेली आहेत. नाताळात पाहुण्यांची वर्दळ झाली, पंक्ती उठल्या, आणि सण सरल्यावर पाहतो तो काचेवर दहा-बारा करड्या रेघा. साबणाने धुतल्या, जाईनात. ओल्या फडक्याने घासल्या, जाईनात. आम्ही निदान करून मोकळे झालो की काच ओरखडली.

आमच्या येथे स्वयंपाकाला एक विधवा बाई येतात. अल्युमिनियमची जड पातेली मेजावर त्याच सरकवीत असत. त्यांना आम्ही जाब विचारला. त्या म्हणाल्या, ‘‘फादर, भांडं मी ओढलं असेल, पण आपटलं नाही.’’ एवढे बोलून त्या गप्प राहिल्या. आम्ही ते गप्प राहणे कबुलीजबाब समजलो आणि नव्या काचेपोटी त्यांच्या पगारातून पाचशे रुपये कापून घेतले.

पुढे आदिलाबादचा एक काचविक्या माप घ्यायला आला. त्याने पट्टी बाजूला ठेवली आणि रेघेवरून आडवे नख फिरवले. ‘‘फादर, ही काच कशाला बदलता? काचेला काही झालेले नाही. हिच्यावर भांडे चढले आहे.’’

आम्हांस उलगडा होईना, तेव्हा त्याने सोनाराच्या कसोटीची आठवण दिली. सोनार काळ्या दगडावर सोने घासतो व पिवळी रेघ उमटते. ती रेघ दगडाला पडलेली चीर नसते. दगडाने सोन्याचा कण काढून घेतलेला असतो. दोन वस्तू एकमेकींवर घासल्या की मऊ वस्तू झिजते आणि कठीण वस्तूवर आपली खूण ठेवते. फ्रीड्रिख मोस या खनिजशास्त्रज्ञाने १८१२ साली पदार्थांच्या कठीणपणाची एक श्रेणी लावून दिली. तीत अल्युमिनियम, सोने, चांदी व पितळ ही तीनच्या आसपास बसतात, तर काच साडेपाचाच्या आसपास. तेव्हा पातेल्याने काच ओरखडणे कठीणच. उलट काचच पातेले खाते. चिनी मातीच्या बशीवर चमच्याच्या करड्या रेघा उठतात त्याही याच जातीच्या. आमच्या कपाटाच्या काचेच्या फळीवर उशेगावच्या ओझा कारागिरांनी ओतलेली एक पितळी मूर्ती आहे. पुसण्यासाठी ती वरचेवर सरकवली जाते. तिच्या पायाशीही तसाच मळकट पट्टा उमटला होता.

आता उपाय. प्रथम काच भरपूर पाण्याने व साबणाने धुवावी, जेणेकरून धुळीचा एकही खडा तीवर राहू नये. मग रेघेवरून नख फिरवावे. नख अडले तर ओरखडा समजावा. सरळ गेले तर बहुधा धातूचा डाग. डागावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर लावून काही मिनिटे राहू द्यावे, म्हणजे धातूचा पातळ थर सैल होतो. त्यानंतर मऊ फडक्यावर पांढरे, बारीक दंतमंजन किंवा खाण्याचा सोडा ओला करून घ्यावा आणि जोर न करता गोलगोल घासावे. हे दोन्ही पदार्थ काचेहून मऊ असल्याने डाग निघतो व काच राहते. शेवटी स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडे करावे. पहिल्या खेपेस डाग न गेल्यास पुन्हा करावे. जोर वाढवू नये.

वाळू, विटेची भुकटी आणि चुलीची राख मात्र काचेला लावू नये. आपल्या घरांतून भांडी घासण्याची ती जुनी चाल आहे. पण वाळूतील गारेचा कठीणपणा सात, म्हणजे काचेहून अधिक, आणि राखेतही वाळूचे कण असतात. लोखंडी तारेची घासणीही नको. ती स्वतःचीच करडी रेघ मागे ठेवते. रंगवलेल्या किंवा सोनेरी नक्षीच्या काचेवर, आरशाच्या पाठीवर आणि चष्म्याच्या भिंगावर हा प्रयोग करू नये. संडास धुण्याचे तीव्र आम्ल तर घरातील काचेसाठी मुळीच वापरू नये. ते विरंजक द्रवात मिसळले तर विषारी वायू निघतो.

त्या दिवशी आम्ही स्वतः फडके घेऊन बसलो. एकामागून एक रेघ निघून गेली आणि मुलांचे चेहरे पुन्हा स्वच्छ दिसू लागले. शेवटी एक रेघ उरली. तिच्यावर नख अडले. तो खरा ओरखडा होता, आणि होता आमच्याच खुर्चीसमोर. तेव्हा आठवले, नाताळच्या आदल्या रात्री गव्हाणीची मातीची बैठक त्या मेजावर ठेवून आम्हीच आपल्या हाताने ओढली होती. तिच्या तळाला वाळू होती.

पापनिवेदनाच्या आसनावर बसून आम्ही इतकी वर्षे लोकांना सांगत आलो आहोत की दुसऱ्याचा न्याय करण्याची घाई करू नये. त्या मेजापाशी साधे नख फिरवून पाहण्याइतकाही धीर आम्हांस धरवला नाही.

संध्याकाळी बाईंच्या घरी जाऊन आम्ही पाचशे रुपये परत केले व क्षमा मागितली. त्यांनी पैसे पदरात बांधले, थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, ‘‘फादर, मी तेव्हाच सांगितलं होतं.’’ त्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी त्या नेहमीप्रमाणे कामावर आल्या. आता पातेल्याखाली सुती फडके असते.

काच आम्ही बदललेली नाही. तो एक ओरखडा तिच्यावर आहे आणि जेवायला बसताना रोज आमच्या समोर येतो.