गारव्याची गळती

एखादी सोय अंगवळणी पडली की तिचे स्वरूप जाणून घेण्याची जिज्ञासा माणसाच्या ठिकाणी उरत नाही. ती सोय नाहीशी झाली म्हणजे मात्र तो खडबडून जागा होतो. माझ्या मोटारीतील वातानुकूलन यंत्राविषयी माझे असेच झाले.

गेल्या वैशाखात आईला घेऊन मी बेळगावहून कवळ्यास निघालो. आईचे वय ८२. वर्षातून एकदा शांतादुर्गेचे दर्शन घडावे, एवढीच तिची मागणी. जांबोटी, कणकुंबी मागे पडली आणि चोर्ल्याचा घाट उतरता उतरता यंत्रातून येणारा वारा कोमट होऊ लागला. पंखा वाढवून पाहिला. वारा वाढला, गारवा काही येईना. 'आता येईल, मग येईल' या आशेवर मी काचा मात्र बंदच ठेवल्या. मागे आई डोळे मिटून बसली होती. तिला झोप लागली असेल असे मी समजलो. साखळीला पोहोचल्यावर वळून पाहतो तो तिचा चेहरा उतरलेला, ओठ सुकलेले, पदर घामाने चिंब!

तिला झाडाच्या सावलीत बसविले, ओल्या पंचाने मान-तोंड पुसले, मीठ-साखरेचे पाणी घोट घोट पाजले. अर्ध्या तासाने तिला जरा हुशारी वाटू लागली. "अगं, बोलली का नाहीस?" असे मी विचारताच ती म्हणाली, "तुझी गाडीच तुला छळत होती. त्यात माझी भर कशाला?"

जवळच मोटारदुरुस्तीचे एक लहानसे दुकान होते. तेथील मेस्त्रींना मी जाणत्याच्या थाटात सांगितले, "गॅस संपलाय, भरून द्या. दर उन्हाळ्यात भरावाच लागतो." त्यांनी हातातला पाना खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "गॅस सोंपना, बाब. तो भायर सरता."

पेट्रोल जळते, संपते. हा गॅस तसा खर्च होत नाही. यंत्र गारवा निर्माण करीत नाही, ते आतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकते. माठातले पाणी झिरपून वाळताना जसे आतले पाणी निवते, तसाच हा द्रव आतल्या नळ्यांत वायुरूप होताना मोटारीतील उष्णता शोषून घेतो. मग कंप्रेसर त्यास दाबतो, पुढच्या जाळीत तो ती उष्णता बाहेरच्या वाऱ्याला देऊन पुन्हा द्रव बनतो, आणि फेरा नव्याने सुरू होतो. नळ्या अभंग असतील तर तोच गॅस वर्षानुवर्षे पुरतो. तो कमी झाला याचा अर्थ एकच : कोठेतरी गळती आहे. गेली तीन वर्षे मी गळक्या घागरीत पाणी ओतीत आलो होतो.

मेस्त्रींची तपासणी पाहण्यासारखी होती. वारा जोरात येतो, म्हणजे आतली गाळणी तुंबलेली नाही. पुढचा पंखा फिरतो. तो बंद असता तर मोटार उभी असतानाच गारवा गेला असता आणि धावताना परतला असता. फ्यूज शाबूत होता. कंप्रेसरचा क्लच मात्र जोडला जात नव्हता. दाब फार उतरला की एक लहानसा स्विच कंप्रेसर थांबवितो, नाहीतर तेलावाचून तो घासून जाईल. म्हणजे जे यंत्र 'बिघडले' म्हणून मी चडफडत होतो, ते स्वतःला वाचवीत गप्प बसले होते.

मग त्यांनी विजेरी घेऊन एकेक सांधा निरखला. गॅस दिसत नाही. पण जाताना तो थोडे तेल सोबत नेतो. एका सांध्यावर धूळ धरलेला तेलकट डाग दिसला. नळ्यांत नायट्रोजन भरून तेथे साबणाचे पाणी लावताच बुडबुडे उठले. आतले रबरी कडे चिरले होते. काही रुपयांची वस्तू! ती बदलून, पंपाने नळ्यांतील हवा आणि ओल पूर्णपणे काढून, त्यांनी गॅस तराजूवर तोलून भरला.

या गॅसचे नाव आर-१३४ए. पूर्वीचा आर-१२ ओझोनच्या थरास घातक ठरला आणि १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो क्रमाक्रमाने हटविण्यात आला. नवा गॅस ओझोनला अपाय करीत नाही. परंतु पृथ्वी तापविण्याच्या कामी तो, वजनास वजन धरले तर, शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट प्रभावी मानला जातो. माझ्या मोटारीच्या गारव्यासाठी तीन वर्षे मी बाहेरच्या जगाचा ताप वाढवीत होतो, हे तेथे बाकावर बसून मला प्रथम उमगले.

आणखी एक गोष्ट उमगली. यंत्राचा डाग मेस्त्रींनी विजेरी लावून शोधला. आईच्या चेहऱ्यावरची खूण मात्र मी आरशातूनही पाहिली नव्हती. तक्रार न करणाऱ्या माणसाचे सारे ठीक चालले आहे, असे आपण सोयीने धरून चालतो. वर्षातून एकदा तिला दर्शनास नेले की मुलाचे कर्तव्य पुरे झाले, हा माझा समजही दर उन्हाळ्यात गॅस भरून घेण्यासारखाच होता. मध्यंतरीच्या बारा महिन्यांत तिची उमेद कोठून गळते आहे, हे मी विचारले नव्हते.

कवळ्यास पोहोचलो तेव्हा सांजवेळ झाली होती. दीपमाळेपाशी आई माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. तो हात किती हलका झाला आहे, हे त्या दिवशी मला कळले.

यंदाच्या उन्हाळ्यात गॅस भरावा लागला नाही. मोटार उन्हात तापली असेल तर प्रथम काचा उघडून आतली धग बाहेर जाऊ देतो, मगच यंत्र सुरू करतो. आणि आई आता मागे बसत नाही. माझ्या शेजारी बसते. घाट लागला की मी तिच्याकडे पाहून विचारतो, "बरं वाटतंय ना?" ती हसून म्हणते, "अरे, पुढे बघून गाडी चालव!"