चिमटा

आपल्या सौंसर-पांढुर्ण्याकडचा सायकलमिस्त्री ज्याला चिमटा म्हणतो, त्या पुढचे चाक धरून ठेवणाऱ्या दुशाखी नळीचा अभ्यास करण्यात आम्ही आयुष्याच्या बहात्तराव्या वर्षी दीड महिना घालवला. मंडळाच्या वाचकांस हा म्हातारचळ वाटण्याचा संभव आहे. आमच्या चिरंजीवांस तो वाटलाच. तथापि या अभ्यासावर आमच्या घरातील एका मुलीचे बाहेर पडणे अवलंबून होते, म्हणून त्याची हकिगत येथे सांगत आहोत.

आमची नात कृषी पदवीधर आहे. सौंसरपासून थोड्या अंतरावर, सातपुड्याच्या उताराला लागून, आमची संत्र्याची बाग आहे. आंबिया बहार धरल्यापासून फळ उतरेपर्यंत त्या बागेकडे रोज कुणीतरी पाहावे लागते; ठिबकच्या नळ्या, डिंक्याचे डाग, फळगळ, सारे काही. हे काम तिने आपणहून अंगावर घेतले आणि त्यासाठी स्वतःच्या कमाईतून एक माउंटन सायकल घेतली. बागेच्या मागून टेकडीवर जाणारी जी पायवाट आहे, तिचाही त्या खरेदीत वाटा होता, हे आम्हांस ठाऊक होते; आम्ही बोललो नाही.

गेल्या उन्हाळ्यात त्याच वाटेच्या उतारावर, मुरुमातून दगड वर आलेल्या वळणावर, ती पडली. उजवे मनगट मोडले. सहा आठवडे प्लास्टर. प्लास्टर निघण्यापूर्वीच घरात निकाल लागला होता. चिरंजीव म्हणाले, ‘‘बाबा, आता सायकल नाही. स्कूटी घेऊन देतो. पोरीच्या जातीनं डोंगरावरून उड्या मारायची गरज काय?’’ सूनबाई गप्प राहिल्या. नात आमच्याकडे आली आणि एवढेच म्हणाली, ‘‘आबा, मी उडी मारली नव्हती. चाकच उचललं गेलं.’’

ते वाक्य आमच्या मनात राहिले. आम्ही चाळीस वर्षे विज्ञान शिकवले. चाक आपणहून उचलले जात नाही. सायकल वऱ्हांड्यात उभी होती. तिचा पुढचा चिमटा शॉकपचा होता, म्हणजे आत स्प्रिंग असलेला. हँडलवर दोन्ही हातांनी भार देऊन आम्ही तो दाबला आणि एकदम सोडला. चाक जमिनीवरून टणकन उडाले. पुन्हा दाबला, पुन्हा उडाले. मग एका नळीला दोरा सैलसर गुंडाळला आणि शेजारच्या मुलाला, तो नातीच्याच वजनाचा, गल्लीतल्या खडीवरून दोन फेऱ्या मारायला सांगितल्या. चिमट्याची चाल 100 मिलिमीटर म्हणून लिहिलेली होती. दोरा सरकला होता अवघा 35. लहान धक्क्यांना तो चिमटा दबतच नव्हता. मोठा धक्का बसला की दबे आणि मग सारे बळ एकाच क्षणी परत फेकी. वळणावर, दगडावर, नेमके हेच घडले असले पाहिजे. दोष मुलीच्या धाडसाचा नव्हता. ज्या कारखान्याने तो चिमटा केला त्याचे नाव सांगण्यात हशील नाही. तशा दिखाऊ वस्तू पुष्कळ आहेत.

येथून आमचा अभ्यास सुरू झाला. प्रथम लक्षात आले ते असे की धक्का सोसणे ही दोन कामे आहेत, एक नव्हे. स्प्रिंग धक्का साठवते, आणि साठवलेले केव्हातरी परत द्यावेच लागते. ते हळू, बेताने परत यावे म्हणून बारीक छिद्रांतून तेल ढकलण्याची योजना असते. धक्क्याची शक्ती तेथे उष्णतेत विरून जाते. तिला डॅम्पिंग म्हणतात, आणि परतीच्या वेगाला आवर घालणाऱ्या भागाला रिबाउंड. जुन्या सायकलीत स्प्रिंग होती, आवर नव्हता. आपल्या लहानपणीच्या टांग्याला पोलादी पाट्यांची कमान असे. पाटे एकमेकांवर घासत, त्या घर्षणानेच थोडा आवर बसे. म्हणून टांगा डुलत असे, उडत नसे. बंडीला दोन्ही नसत, आणि बंडीतून लग्नाला गेलेल्या मंडळींस त्याचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही.

सायकलीच्या वाट्याला हे सुख उशिरा आले. बेलफास्टला जॉन बॉइड डनलप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी 1888 साली हवेचा टायर केला, तेच सायकलीचे सस्पेन्शन. त्यानंतर शंभर वर्षे, काही तुरळक प्रयोग वगळता, तेवढ्यावरच भागले. कॅलिफोर्नियातील तरुण 1970 च्या दशकात जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगर उतरू लागले, तेव्हाही त्यांचे चिमटे कडकच होते. मोटरसायकल शर्यतींतून आलेले पॉल टर्नर यांनी स्टीव्ह सायमन्स यांच्यासह 1989 च्या सुमारास रॉकशॉक्सचा चिमटा बाजारात आणला. त्यात हवेचा दाब होता, तेलाचा आवर होता आणि चाल होती जेमतेम पाच सेंटीमीटर. एका बापाने मुलासाठी टायर केला हे वाचून आम्हांस धीर आला. आजोबाने नातीसाठी चिमटा निवडायला हरकत नव्हती.

नवी सायकल घ्यायची, पण निवड चिमट्यापासून करायची, असे आम्ही दोघांनी ठरवले. पहिला प्रश्न : मागेही शॉकप हवा काय? दुकानांत दोन्हीकडे शॉकप असलेल्या स्वस्त सायकली ओळीने उभ्या असतात आणि मुलांचा जीव त्यांच्यावर जडतो. परंतु मागच्या शॉकपबरोबर सांधे येतात, सांध्यांबरोबर बेअरिंग, आणि आपल्याकडे आषाढात काळी माती येते. ती माती काय चीज आहे हे वाचकांस सांगायला नको. पायातला जोडा धरून ठेवते, तेथे बेअरिंगचा काय पाड! शिवाय त्याची दुरुस्ती सौंसरलाही नाही, पांढुर्ण्यालाही नाही. नागपूर गाठावे लागते. उत्तम दर्जाची दुहेरी सायकल आमच्या आवाक्याबाहेर होती आणि आवाक्यातली दुहेरी म्हणजे दोन आजार एकदम घरी आणणे. तेव्हा मागे कडक, पुढे शॉकप, आणि मऊपणाची उरलेली बाजू रुंद टायरने सांभाळायची, हे पक्के झाले.

दुसरा प्रश्न पोलादी स्प्रिंगचा की हवेचा. पोलादी स्प्रिंग साधी, टिकाऊ, निगा कमी. तिच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. परंतु स्वस्त चिमट्यात कारखाना एकच स्प्रिंग घालतो, आणि ती बहुधा सत्तर-ऐंशी किलोच्या माणसाच्या हिशेबाची असते. आमची नात 48 किलोची. वरची घुंडी फिरवली की स्प्रिंग नरम होते असा समज आहे. वस्तुतः ती घुंडी स्प्रिंगला आधीपासून थोडे दाबून ठेवते, तिचा कडकपणा बदलत नाही. हवेच्या चिमट्यात मात्र दाब कमी-अधिक करून ज्याच्या त्याच्या वजनाशी जुळवता येते. शेवटाकडे हवा अधिकाधिक दाटत जाते, म्हणून मोठ्या दगडावर चिमटा एकदम तळाशी आदळत नाही, वजनही हलके. उणेपणा एवढाच की हवेला राखण करावी लागते. वैशाखातल्या आणि पौषातल्या दाबात फरक पडतो, तेव्हा ऋतू पालटला की पंप लावून पाहावे.

तिसरी गोष्ट चालीची. नातीने 150 मिलिमीटरचा चिमटा एका छायाचित्रात पाहून ठेवला होता. चौकट मात्र 120 च्या हिशेबाने बांधलेली. अधिक लांब चिमटा बसवला की सायकलीचे तोंड उचलले जाते, हँडलचा कोन पसरतो, चढावर पुढचे चाक भटकते आणि चौकटीच्या मानेवर नको तो ताण येतो. या मुद्द्यावर दोन दिवस अबोला झाला. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, ‘‘आबा, 120. पण रिबाउंडची घुंडी हवी म्हणजे हवीच.’’ आम्ही तत्काळ मान्य केले. आमचाही आग्रह तोच होता.

चौथी गोष्ट आम्हांस कुणी सांगितली नव्हती. ती नागपूरला सीताबर्डीवर चौकशी करताना कळली. चिमटा एकटा येत नाही. त्याची वरची दांडी काही सायकलींत सरळ असते, काहींत खाली दीड इंच आणि वर सव्वा इंचाहून किंचित कमी, अशी निमुळती. चौकटीची मान तशीच असावी लागते. चाक धरणारा आस जुन्या पद्धतीत 9 मिलिमीटरचा, नव्या पद्धतीत 15 मिलिमीटरचा, आरपार जाणारा. तो अधिक घट्ट, वळणावर चिमटा पिळवटत नाही. परंतु जुन्या चाकाचा हब त्यावर बसत नाही. म्हणजे चिमट्यापाठोपाठ चाकाचा खर्च. असा आतबट्ट्याचा सौदा टाळायचा तर सायकल घेतानाच दुकानदाराकडून चिमटा आणि पुढचे चाक दोन्ही जुळवून घ्यावे. आम्ही तसेच केले. पैसे अपुरे पडले तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी संत्र्याच्या हिशेबातून ठेवलेली आपली पुंजी काढून दिली. त्यांना माहेरी भावाच्या सायकलला हात लावू देत नसत, हे लग्नानंतर पन्नास वर्षांनी आम्हांस त्या दिवशी प्रथम कळले.

सायकल घरी आली. तिला हळदकुंकू लागले. मग तिघांनी मिळून चिमटा बसवला, म्हणजे जुळवला. स्वार आपल्या जागी स्थिर बसला असता चिमटा चालीच्या पाचव्या ते चौथ्या हिश्श्याइतका खाली बसावा, असा दंडक आहे. आमच्या 120 ला 24 ते 30 मिलिमीटर. नळीवर रबरी कडे असते. नात भिंतीला टेकून बसली, आम्ही ते कडे खाली सरकवले, ती अलगद उतरली, आणि सौभाग्यवतींनी शिवणाच्या फितीने अंतर मोजले. प्रथम 14. हवा सोडली. मग 20. पुन्हा थोडी सोडली. 26. रिबाउंडची घुंडी अशी ठेवली की दाबून सोडले असता चिमटा लगबगीने वर यावा, पण चाक जमीन सोडू नये. टायरमध्ये दुकानातून 40 पौंड हवा आली होती. ती 25 च्या आसपास आणली, तेव्हा निम्मे काम त्यानेच केले. डनलपसाहेबांना विसरून चालत नाही.

निगेचेही दोन शब्द लिहून ठेवतो, कुणाच्या नातवंडांना उपयोगी पडतील. रोज फिरून आल्यावर वरच्या गुळगुळीत नळ्या स्वच्छ कोरड्या फडक्याने पुसाव्या. धूळ रबरी सीलखाली गेली की नळीवर ओरखडे पडतात आणि ते भरून येत नाहीत. आपल्याकडे सायकल डिझेलने धुण्याची चाल आहे. चिमट्याला डिझेल लावू नये. रबर फुगते, आतले तेल बिघडते. मधूनमधून सायकल रात्रभर उलटी ठेवावी, म्हणजे तेल सीलखालच्या फोमच्या कड्यांना भिजवते. खालच्या नळ्यांतले तेल बदलण्याची मुदत रॉकशॉक्सच्या सूचनेप्रमाणे 50 तासांची आहे. रोज एक तास फिरणाऱ्याला ती दोन महिन्यांच्या आतच भरते. आपल्या धुळीत ती लांबवू नये.

चिरंजीव या सर्व काळात काही बोलले नाहीत. त्यांचा राग आम्हांस समजतो. मुलीला झोळीत हात घालून बसलेली पाहणे सोपे नसते. आपली कुटुंबे भोसल्यांच्या अमदानीपासून या मुलखात राहिली. 1956 साली राजधानी नागपूरहून भोपाळला गेली आणि बोलीभाषेचा प्रांत सीमेपलीकडे राहिला. 2023 साली पांढुर्णा जिल्हा झाला. इतके धक्के सोसून राहिलेल्या घरांत जपण्याची सवय फार मुरलेली असते, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात गोटमारीला उतरणाऱ्या मुलग्यांना जी माया माफ करते, ती मुलीच्या सायकलला माफ करीत नाही. हे आम्ही चिरंजीवांना एकदा बोलून दाखवले. त्यांनी उत्तर दिले नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नात बागेकडे निघाली. चिरंजीव मोटरसायकल काढून तिच्या मागे गेले. आम्हांस कुणी बोलावले नव्हते. आम्ही वऱ्हांड्यात चहा थंड करीत बसलो. दोन तासांनी दोघे परतले. नातीच्या तोंडावर धूळ होती आणि हसू होते. चिरंजीवांनी सायकल भिंतीला लावली, खाली वाकले आणि चिमट्यावरचे रबरी कडे न्याहाळू लागले. ते कुठवर सरकले होते? त्यांनी आत जाऊन आईच्या शिवणाच्या डब्यातून फीत आणली व मोजले. 94.

‘‘म्हणजे दबला होता,’’ ते म्हणाले.

‘‘दबला आणि सावकाश वर आला,’’ नात म्हणाली. ‘‘त्याच वळणावर.’’

त्यांनी खिशातला रुमाल काढला आणि नळ्या पुसायला घेतल्या. रुमाल स्वच्छ होता की नाही हे विचारण्याचे आमच्या ओठांवर आले होते. या खेपेस आम्ही गप्प बसलो.